फक्कीच्या भिंती

१९७३ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, नगर-सोलापूर रस्त्यावर मिरजगावच्या अलीकडे असलेल्या एका गावात मुलींच्या वसतिगृहाचा पाया खणला गेला. मंजूर नकाशातल्या एका भिंतीखेरीज सर्व भिंतींचे चर खणले गेले. त्या राहिलेल्या भिंतीबद्दल गावात, संस्थेत आणि नंतर नगरमध्ये बरेच बोलले गेले. त्यातले जे पाहिले किंवा दोन माणसांकडून पडताळून घेता आले, तेवढेच इथे दिले आहे.

नकाशा काढणाऱ्या बाई आर्किटेक्ट होत्या. जिल्ह्यात त्या वेळी दुसरी बाई आर्किटेक्ट असल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते. मुंबईच्या कॉलेजात त्यांच्या वर्गात मुलगी त्या एकट्याच होत्या. पुढे तिथल्याच एका नावाजलेल्या ऑफिसात त्यांनी काही वर्षे काम केले. त्या ऑफिसात पुरुष साइटवर जात आणि बाई पडद्यांचे रंग ठरवीत. त्यांनी साइट मागितली तेव्हा साहेबांनी सांगितले की परांचीवर चढायला साडी सोयीची नाही. बाईंनी पडद्यांचे काम त्याच दिवशी परत केले. मग त्या शिकवू लागल्या आणि सत्तरच्या सुमारास नगरच्या एका तंत्रशाळेत आरेखकांचा वर्ग घ्यायला आल्या. मुंबई का सोडली, असे मी मुलाखतीत विचारले होते. मी तेव्हा नगरच्या एका दैनिकात बातमीदार होतो.

"मुंबईत जमिनीवर रेघ मारायला जागा नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य छापले गेले. वाचकांना तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता.

बाई उंच होत्या. जाड सुती साडी, पायात पुरुषी वहाणा आणि हातात बारा महिने छत्री. छत्रीच्या दांड्यावर त्यांनी पांढऱ्या रंगाने इंचांच्या खुणा केल्या होत्या. कोणाच्याही घरी गेल्या की बोलता बोलता छत्री उंबऱ्याला, ओट्याला, खिडकीच्या तळाला लागे. यजमान चहाचे विचारीत असताना त्या म्हणत, "ओटा दोन इंच उंच आहे. तुमच्या घरात बायका बुटक्या आहेत का?" यजमानांना उत्तर माहीत नसे. ते आत जाऊन पाहून येत.

त्यांची शिकवण्याची पद्धत फक्कीची होती. खेळाची मैदाने आखायला जी पांढरी पूड वापरतात ती फक्की. विद्यार्थ्याने कागदावर घर काढले की बाई ते शाळेच्या मैदानावर फक्कीने पुऱ्या मापात आखायला लावीत. मग त्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या तीन-चार सोबत्यांना त्या घरात एक दिवस राहावे लागे. स्वयंपाकघर लिहिलेल्या चौकोनात स्टोव्ह ठेवायचा, झोपायची खोली लिहिलेल्या जागी सतरंजी टाकायची. भिंत म्हणजे भिंत. रेघ ओलांडून कोणी आले की बाई कडुलिंबाखालून ओरडत, "भिंतीतून काय येतोस? दार तिकडे आहे." एका मुलाने दार असे काढले होते की ते उघडताना सतरंजीवर आजोबा म्हणून झोपलेल्या सोबत्याच्या डोक्याला लागले असते. बाईंनी त्याच्या कागदावर लाल पेन्सिलीने लिहिले, "आजोबा गेले. पुन्हा काढ."

मैदान शाळेचे एकच होते. कबड्डीच्या आखणीवर अनेकदा दोन खोल्यांचे घर येई. एकदा खेळशिक्षक रागाने वर्गात आले.

"बाई, तुमच्या स्वयंपाकघरात माझा गडी बाद झाला. पंच म्हणतो ही रेघ मधली, मुलं म्हणतात ही चुलीमागची. काय करायचं?"

"चूल तिथे नकोच होती," बाई म्हणाल्या. "धूर अंगावर येतो. तुमच्या गड्याला विचारा."

मुलांनी त्यांचे नाव फक्कीबाई ठेवले. ते त्यांना माहीत होते. हजेरीच्या वेळी कोणी मागून पुटपुटले तर त्या "हजर" म्हणत.

दुसरा नियम भिंतींचा होता. नकाशात प्रत्येक भिंतीच्या दोन्ही अंगांना बारीक अक्षरात लिहायचे की अलीकडे कोण राहणार आणि पलीकडे कोण. नाव नाही तर भिंत नाही. त्यामुळे त्यांच्या विद्यार्थ्यांचे नकाशे वाचायला मोठे चमत्कारिक होत. एका भिंतीवर 'आजी' आणि 'म्हैस' असे शब्द समोरासमोर असत, दुसरीवर 'थोरली सून' आणि 'धाकटी सून'. नगरपालिकेतल्या एका ओव्हरसियरने असा नकाशा परत पाठवताना शेरा मारला की जनावरांची नावे वगळावीत. बाईंनी म्हैस वगळून तिथे 'ओव्हरसियर' लिहायला लावले, अशी गोष्ट सांगतात. तिला पुरावा मिळाला नाही.

खाजगी कामे त्यांना फारशी मिळाली नाहीत. याचे कारण मोरी. घर पाहायला बोलावले की त्या पुढच्या दाराने आत जात नसत. घराला वळसा घालून मागे जात आणि म्हणत, "आधी मोरी दाखवा." नगरच्या एका कापडव्यापाऱ्याने बंगल्यासाठी बोलावले तेव्हा मी सोबत होतो. बाई त्यांच्या जुन्या घराच्या मोरीत उकिडव्या बसल्या, उठल्या आणि व्यापाऱ्याला म्हणाल्या, "आता तुम्ही बसा. हे पातेलं घासा."

"मी?"

"घर तुमचं आहे ना?"

व्यापारी धोतर सावरून बसले. उठताना त्यांचे डोके नळाला लागले. दारात उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीने पदर तोंडाला लावला. बंगल्याचे काम दुसऱ्याला गेले. त्या बंगल्यात मोरीचा नळ मात्र भिंतीत आत घेतलेला होता, हे मी नंतर पाहिले.

बाई हसत कमी आणि चिडत त्याहून कमी. कोणी वाद घातला तर त्या प्रश्न विचारीत, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसत. या गप्प बसण्याला तंत्रशाळेचे प्राचार्य घाबरत. पहिल्या वर्षी त्यांच्या वर्गात एकही मुलगी नव्हती. प्राचार्य म्हणाले, मुली येत नाहीत. बाईंनी विचारले, "वर्गाला येतात कुठून?" बाजारपेठेतून, मग लोहारशाळेच्या बोळातून, असे उत्तर आले. बाईंनी वर्गाची खोली बदलून रस्त्यालगतची मागितली आणि गप्प बसल्या. खोली मिळाली. पुढच्या वर्षी दोन मुली आल्या.

वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे आले ते फुकटात काम करतात म्हणून. कर्जत तालुक्यातल्या त्या संस्थेचे हायस्कूल होते, आणि वाड्या-वस्त्यांवरच्या मुली सातवीनंतर घरी बसत कारण अंतर लांब होते. संस्थेचे अध्यक्ष मोठे बागाईतदार होते, पण त्या वर्षी त्यांच्याही विहिरीला पाणी नव्हते. त्यांना गावात सगळे नाना म्हणत. वसतिगृह व्हावे ही इच्छा त्यांचीच होती, आणि त्यासाठी रस्त्याकडेची जागा त्यांनी स्वतःची दिली होती. हे नोंदवणे आवश्यक आहे.

बाईंनी एकच लांब हॉल काढला. त्याचे पुढचे तोंड रस्त्याकडे. जमिनीचा उतार मागे ओढ्याकडे, म्हणून मोरी, संडास आणि पाण्याची टाकी मागच्या अंगाला. नकाशा संस्थेच्या बैठकीत ठेवला गेला. मंडळींनी पोर्च पाहिला, कमानीची चौकशी केली आणि नाव कुठे येणार ते विचारले. मग नानांनी हॉलच्या मधोमध बोट आडवे फिरवले.

"हितं एक भिंत घ्या, बाई."

"घेते. भिंतीच्या अलीकडे कोण, पलीकडे कोण?"

"मुलीच की."

"दोन्हीकडे मुलीच असतील तर भिंत कशाला?"

"तुमाला कळतंय, बाई."

"मला कळतं. नकाशाला कळत नाही. त्यावर लिहावं लागतं."

आसपासच्या बौद्धवाड्यांतल्या आणि वाड्यांवरच्या बौद्ध कुटुंबांतल्या मुलींसाठी वेगळी बाजू हवी, हे सर्वांना माहीत होते आणि तोंडाने कोणी म्हणणार नव्हते. शेवटी चिटणीस म्हणाले, "सोयीसाठी भिंत, असं लिहा." बाईंनी भिंत काढली. तिच्या दोन्ही बाजूंना काहीच लिहिले नाही. नकाशा भिंतीसह मंजूर झाला. त्यांच्या हातच्या नकाशात नावे नसलेली ती एकच भिंत मी पाहिली.

या भिंतीवर एका मुलीचे शिक्षण अवलंबून होते. शांता लांबच्या एका वाडीवरच्या बौद्ध कुटुंबातली, त्या वर्षी सातवीत होती. तिचे आईवडील खडी फोडायच्या दुष्काळी कामावर होते. वसतिगृह नसेल तर शाळा नाही, आणि शाळा नाही तर आष्टीकडचे एक स्थळ घरच्यांनी पाहून ठेवले होते. हायस्कूलचे मुख्याध्यापक शांताच्या आईला, यमुनाबाईंना, भेटायला कामावर गेले तेव्हा तिने हातोडा खाली ठेवला नाही.

"एका हालमदी ठिवनार आसाल तर धाडते, गुरुजी. भितीपल्याड न्हाई धाडायची. भित तर गावात हायेच. तिच्यासाठी पोरीला परगावी कशाला ठिवू?"

मुख्याध्यापकांनी हे बाईंना सांगितले. बाई म्हणाल्या, "त्यांना राहून बघायच्या दिवशी बोलवा. मुलीला घेऊन."

कुठलाही पाया खणण्याआधी माणसांनी फक्कीच्या घरात एक दिवस राहून बघायचे, ही त्यांची प्रत्येक कामाची अट होती. संस्थेने ती हसत मान्य केली होती. गवंड्यालाही एक कायमची सूचना असे, कारण बहुतेक गवंड्यांना छापील नकाशा वाचता येत नसे. फक्की असेल तिथे खणायचे, नसेल तिथे खणायचे नाही. राहून बघण्यात रेघा पुसट होत, म्हणून संध्याकाळी बाई स्वतः सर्व रेघा पुन्हा उजळून घेत. मग गवंडी दुसऱ्या दिवशी कुदळ लावी.

त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास रस्त्यालगतच्या मोकळ्या जमिनीवर पूर्ण वसतिगृह आखून तयार होते. मधली भिंतही होती. शाळेत टँकर आला होता, त्यातले एक पिंप भरून बाईंनी टाकीच्या जागी ठेवले. मुली आल्या, त्यांच्या आया आल्या, बातमीसाठी मीही आलो होतो. गावातली बरीच मंडळी बघायला आली आणि सरळ हॉलच्या मध्यात येऊन उभी राहिली.

"हे मुलींचं वसतिगृह आहे," बाई म्हणाल्या. "पुरुष बाहेर."

मंडळी रेघेबाहेर गेली. नाना स्वतःच्या जमिनीवर उभे होते. ते क्षणभर थांबले.

"अध्यक्ष, तुम्हीसुद्धा."

नाना पोर्चपर्यंत मागे गेले. पोर्च हा आतला भाग की बाहेरचा, यावर चिटणिसांनी काही शंका काढली. बाईंनी त्यांना छत्रीने रस्ता दाखवला. मग त्या नानांकडे वळल्या.

"आता कोणती मुलगी कुठल्या बाजूला ते तुम्ही सांगा."

नानांनी नावे घेतली नाहीत, हात केला. वाड्या-वस्त्यांवरच्या शेतकरी घरांच्या मुली पुढच्या अर्ध्यात, रस्त्याकडे. त्यांत लांबच्या मळ्यावर राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी मंगल होती. शांता आणि आणखी दोघी मागच्या अर्ध्यात. पुढची बाजू मानाची, त्यामुळे यात विचार करण्यासारखे काही आहे असे नानांना वाटले नाही. मुली आपापल्या जागी सतरंज्या टाकून बसल्या. यमुनाबाई हॉलबाहेर मागच्या दाराच्या खुणेशी उभी राहिली, आत गेली नाही.

दहा वाजता मंगलला तहान लागली. ती उठून पिंपाकडे निघाली.

"भिंतीतून काय जातेस? दार तिकडे आहे."

मंगलचे दार रस्त्याकडे होते. ती पोर्चमधून बाहेर पडली, रस्त्याच्या कडेने, बघ्यांच्या समोरून, पूर्ण इमारतीला वळसा घालून मागे गेली. ऊन कडक होते. पिंपाशी शांता बसली होती. मंगल जरा दूर उभी राहिली.

"पानी घेऊ का?" तिने विचारले.

"घे की," शांता म्हणाली. "आमच्या बाजूला हाय."

हे वाक्य रस्त्यापर्यंत ऐकू गेले. बघ्यांमधून कोणीतरी म्हणाले, "आता नानांची पुतणी बौद्धवाड्यात पाण्याला!" दोघे-तिघे हसले. नानांनी मागे वळून बघितले तेव्हा हसू थांबले.

नाना बाईंकडे आले. "टाकी मागं कशी?"

"उतार मागे आहे. पाणी चढावर जात नाही. मंजूर नकाशात टाकी तिथेच आहे."

"मग मुलींच्या बाजू बदला."

"बदलते. मग पोर्च, कमान आणि नाव शांताच्या बाजूला जातं. चालेल?"

नानांनी कमानीच्या खुणेकडे पाहिले. "टाक्या दोन करा."

"दोन टाक्यांना टँकर येईल का, अध्यक्ष?"

त्या वर्षी एका टाकीलाही तो धड येत नव्हता. नाना चिटणिसांशी बोलायला रस्त्यापलीकडे गेले. तोवर मंगल आणखी एकदा वळसा घालून आली होती, आणि पुढच्या बाजूच्या दुसऱ्या मुलीही रांगेने उन्हातून फिरत होत्या. नाना परत आले तेव्हा मंगलची आई उठली. ती थोरल्या दिराशी थेट बोलत नसे. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मुलीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली,

"मंगे, नानास्नी इचार, पोरीनी तहानेला घराला फेऱ्या मारायच्या का? आन संडासला बी ह्याच वाटनं जायाचं का, सगळ्या गावाच्या म्होरनं?"

मंगलने विचारले नाही. गरज नव्हती. पुढच्या बाजूच्या आया एकमेकींत बोलू लागल्या. यमुनाबाई अजून मागच्या दाराशी उभी होती.

"आता काय करायचं ते उद्या बघू," नाना म्हणाले. त्यांना दुपारी कर्जतला मामलेदार कचेरीत जायचे होते. ते गेले.

दुपारी बाईंनी शाळेच्या पडवीत भाकरी खाल्ली आणि खांबाला टेकून डोळे मिटले. त्या झोपल्या होत्या का, हे सांगता येत नाही. त्या वेळात मुली पाण्यासाठी सरळ जाऊ लागल्या. आधी एक, मग सगळ्या. भिंतीतून जाताना एकीलाही बाईंनी हटकले नाही. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर अनेक घरांत पाहिले. भिंतीतून जाणाऱ्याला त्यांनी सोडल्याचे दुसरे उदाहरण माझ्याजवळ नाही. चारच्या सुमारास मंगल आणि शांता मधल्या रेघेवरच बसून गजगे खेळत होत्या. यमुनाबाई तोवर आत येऊन बसली होती.

संध्याकाळी बाईंनी नेहमीप्रमाणे रेघा उजळल्या. बाहेरच्या चारही भिंती, मोरी, संडास, पोर्च. मधल्या भिंतीचे टोकाकडचे दोन वीतभर तुकडे दिसत होते, बाकी माती होती. बाईंनी ते तुकडे वहाणेने सारखे केले आणि मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "फक्की संपली." शाळेच्या खोलीत परत ठेवलेले पोते मी पाहिले. ते अर्धे भरलेले होते.

सकाळच्या पहिल्या एस.टी.ने बाई नगरला गेल्या. त्याच सकाळी गवंड्याने खणायला सुरुवात केली. कर्जतचे काम लांबून नाना तिसऱ्या दिवशी आले तेव्हा चर पुरे होऊन दगड पडू लागले होते.

"मधली भिंत कुठाय?"

"फक्की न्हवती, नाना," गवंडी म्हणाला.

"नकाशात हाय ना?"

"नकाशा मला कुठं वाचता येतो. बाईंचं सांगनं हाय, फक्की दिसंल तितं कुदळ. न्हाई दिसली."

बाईंना निरोप गेला. त्या आल्या. नानांनी सर्वांसमोर विचारले की त्यांनी रेघ मुद्दाम उजळली नाही का. बाई म्हणाल्या, "हो."

नानांना या उत्तराची अपेक्षा नसावी.

"मंजूर काम हाय ते. तुमी संस्थेला फसवलं."

"भिंत आजही खणता येईल. मी आत्ता आखते. टाकी कुठल्या बाजूला आणि दोन्हीकडे कोण, तेवढं सांगा. मी लिहून घेते." त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली आणि वाट पाहिली.

गवंडी, त्याचे मजूर, मुख्याध्यापक आणि मी, एवढे तिथे होतो. नाना चरांच्या कडेने मागच्या अंगापर्यंत गेले, टाकीच्या जागी थांबले आणि परत आले.

"पार्टिशन टाकू नंतर. लाकडाचं," ते म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

हायस्कूलची नवी इमारत बाईंना देण्याचे तोंडी ठरले होते. ती त्यांना मिळाली नाही. संस्थेची तक्रार तंत्रशाळेकडे गेली. मंजूर नकाशाबाहेर काम केल्याबद्दल प्राचार्यांनी खुलासा मागितला. बाईंनी एका ओळीत लिहून दिले की तक्रार खरी आहे. मैदानावर फक्की वापरायला त्यांना बंदी झाली. पुढचे दोन हंगाम त्यांनी वर्ग सीना नदीच्या कोरड्या पात्रात नेला. १९७५ नंतर त्या नगरमध्ये नव्हत्या. त्या विदर्भात कुठेतरी शिकवत असल्याचे एका विद्यार्थ्याने सांगितले. ते पडताळता आले नाही.

वसतिगृह जूनमध्ये सुरू झाले. लाकडी पार्टिशनचा विषय संस्थेच्या सभेत दोनदा आला. टाकी कोणाच्या बाजूला जाईल यावर दोन्ही वेळा सभा संपली, असे चिटणिसांनी सांगितले. नाना असेपर्यंत तो विषय पुन्हा निघाला नाही. पार्टिशन झाले नाही.

पहिल्या दिवशी मंगलच्या आईने तिची ट्रंक मागच्या अंगाला, पाण्याजवळ लावली. शेजारची जागा शांताची होती. दोघी दहावीच्या परीक्षेला एकाच वर्षी बसल्या. शांता पहिल्या खेपेला पास झाली. मंगलचा गणिताचा विषय राहिला. ती ऑक्टोबरला बसली आणि पास झाली.